टाइलवरची सुकलेली कड

तीस वर्षं मी लोकांचं रक्त पाहिलं. अमरावतीला शिकलो, धामणगाव रेल्वेला दोन वर्षं एका डॉक्टरच्या लॅबमध्ये बाटल्या धुतल्या, आणि मग अकोल्याच्या एका रक्तपेढीत जो चिकटलो तो निवृत्त होईपर्यंत. या काळात माझ्या हाताखाली कितीतरी जण शिकून गेले. त्यातल्या बहुतेकांना मी गाढव म्हणालो आहे आणि एकाचीही माफी मागितलेली नाही.

रक्तगट पाहणं सोपं असतं, म्हणूनच लोक ते वाईट करतात. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे. एकात निळं सिरम, एकात पिवळं, एकात बिनरंगी. काडीनं कालवायचं, टाइल हातात धरून हलकेच डुलवायची आणि दोन मिनिटं बघायचं. कोणत्या थेंबात गुठळ्या झाल्या त्यावरून गट ठरतो. तिसऱ्या, बिनरंगी सिरमच्या थेंबात गुठळ्या झाल्या तर पॉझिटिव्ह. रक्त जसंच्या तसं राहिलं तर निगेटिव्ह. बस्स. यावर माणसाचं जगणं-मरणं ठरतं, आणि लोकांना एवढंही धड जमत नाही.

वऱ्हाडात त्यात आणखी एक भानगड आहे. पुस्तकात ती अर्ध्या ओळीत उरकलेली असते, कारण पुस्तकं लिहिणारे मे महिन्यात अकोल्यात राहत नाहीत. उन्हाळ्यात इथे टाइलवरचा थेंब बघता बघता कडेनं सुकतो, आणि सुकलेली कड दाणेदार दिसते, हुबेहूब गुठळ्यांसारखी. वारा लागला तर विचारूच नका. म्हणून आमच्या लॅबमध्ये एक रिवाज होता. टाइल उचलायच्या आधी ओरडायचं, "पंखा!" आणि जो बटनाजवळ असेल त्यानं पंखा बंद करायचा. मग पंचेचाळीस डिग्रीत सगळी लॅब घामानं निथळत दोन मिनिटं गुमान उभी राहायची. बाहेरून आलेल्याला वाटे, कोणी वारलं की काय. एकदा एका शिकाऊ मुलीनं पंखा चालू असताना टाइल पाहिली आणि निगेटिव्हचा पॉझिटिव्ह केला. वर म्हणाली, पंखा मी नव्हता लावला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "नाचता येईना, अंगण वाकडं." ती रडली. मला बरं वाटलं.

माझ्या जोडीला एक बाई होत्या, त्यांना सगळी लॅब आपा म्हणायची. अकोल्याच्याच, माहेरचं बांगड्यांचं दुकान. वयानं माझ्याएवढ्याच आणि कामात माझ्यापेक्षा संथ. एक टाइल त्या दोनदा पाहायच्या, मग माझ्याकडे पाहायच्या, मग रजिस्टरात लिहायच्या. मी त्यांना म्हणायचो, "आपा, तुमी एवढ्यात बिर्याणी शिजवून काढसान." त्या म्हणायच्या, "भाऊ, बिर्याणी कच्ची राहिली त कोणी मरत नाई." माणसांपैकी मला चालणारं असं हे एकच माणूस होतं.

त्या वर्षांत आमच्या भागावर सगळ्यांची दया उतू जात होती. कापूस बोंडअळी खात होती आणि वऱ्हाडच्या बातम्या पुण्या-मुंबईच्या पेपरांत पहिल्या पानावर येत होत्या. त्या वाचून ज्याला पाझर फुटे तो आपल्याकडचं काहीतरी इकडे पाठवून देई. कोणी गाई पाठवल्या, त्या इथल्या उन्हात मेल्या. कोणी मनाची समजूत घालणारे पाठवले, त्यांना आमची बोली समजेना. कोणाला काही करून पाहायचं असलं की आमचे जिल्हे होतेच. मेलं तर आधीच मरून राहिले म्हणता येतं, आणि जगलं तर फोटो निघतो. अशाच कोणाच्या तरी दयेतून एके दिवशी आमच्या टेबलावर तो डबा आला.

डबा म्हणजे अक्षरशः डबाच. आत दिवा, वर एक मोबाइल बसवलेला, खाली टाइल सरकवायला खाच. टाइल सरकवली की मोबाइल फोटो काढणार, आणि आतला प्रोग्रॅम सांगणार, गट कोणता. डॉक्टर नाहीत, टेक्निशियन नाहीत अशा खेड्यांत त्याचा उपयोग होईल म्हणे. घेऊन आली होती पुण्याची एक मुलगी. चष्मा, पाठीला पिशवी, बोलणं एकदम पुस्तकातलं.

"सर, हे मशीन शिकतं," ती म्हणाली. "त्याला नियम सांगायचे नसतात. तुम्ही हजारो फोटो दाखवायचे आणि प्रत्येकावर खरं उत्तर लिहायचं. मग ते स्वतःच ओळखायला लागतं."

"म्हंजे मी मास्तर अन् हा डबा पोट्टं," मी म्हणालो. "नापास झाला त झोडाचं काय?"

ती हसली नाही. आमच्या बोलण्यानं पुण्याची माणसं अशी दचकतात, जसं काही आपण अंगावर धावून गेलो. आपांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "थे असेच बोलतेत बेटा, मनावर नको घेऊ."

वरून हुकूम होता, त्यामुळे शिकवणं भाग होतं. हिवाळाभर आम्ही दोघं दुपारी टाइलांचे फोटो पाहत बसलो. प्रत्येक थेंबाला तीनपैकी एक शब्द द्यायचा: गुठळ्या आहेत, गुठळ्या नाहीत, किंवा सांगता येत नाही. मला हा प्रकार अपमानाचा वाटत होता आणि अजूनही वाटतो. ज्या नजरेला माझं अर्धं आयुष्य गेलं ती एका मोबाइलला फुकट शिकवायची, आणि पुढे कोणीतरी म्हणणार, मशीन किती हुशार.

उन्हाळा लागला तशी मला युक्ती सुचली. याला नापासच करायचं. मी मुद्दाम पंख्याखाली टाइला ठेवू लागलो. निगेटिव्ह रक्ताचे थेंब घ्यायचो, कडेनं सुकू द्यायचो, एक मिनिट, दोन, पाच, आणि प्रत्येकाचा फोटो काढायचो. पुण्याच्या गार खोलीत वाढलेल्या बुद्धीला अकोल्याचं ऊन काय कळणार, हा माझा हिशेब. त्यावर मी 'गुठळ्या' असं खोटं लिहून टाकणार होतो, पण आपा शेजारी होत्या.

"झूट नको लिवू भाऊ," त्या म्हणाल्या. "फसवाचं त खरं सांगून फसव."

म्हणून मी प्रत्येक फोटोवर 'सांगता येत नाही' दिलं आणि खाली खरं तेच लिहिलं: 'सुकलं आहे, पुन्हा तपासा.' असे शेकडो फोटो पाठवले आणि डबा तोंडावर आपटायची वाट पाहत बसलो. आठवड्याभरात पुण्याहून त्या मुलीचा फोन आला. आनंदानं तिचा आवाज चिरकत होता. "सर, हेच हवं होतं! आमच्याकडे असा एकही फोटो नव्हता. आता मशीन सुकलेला थेंब ओळखतं!" मी फोन ठेवला. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात; इथे गाढवानं ती पाठ केली होती. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग आलं मे महिन्यातलं शिबिर. अकोटच्या बाजूचं एक गाव, खारपाणपट्ट्यातलं. तिथे विहिरीचं पाणी माणूस पिऊ शकत नाही, डाळ त्यात शिजत नाही. गावातल्या गरोदर बायांची तपासणी होती आणि डबा पहिल्यांदाच लॅबच्या बाहेर पडला होता. झेडपीच्या शाळेत टेबल मांडलं होतं. सरपंचाच्या घरून आमच्यासाठी खास कूलर आला. चार माणसांनी तो उचलून आणला, बरोब्बर माझ्या तोंडावर लावला आणि अभिमानानं चालू केला. पाहुण्याला कूलरची हवा देणं ही आमच्याकडची मोठी इज्जत असते. बाकीच्या बायका व्हरांड्यात पदरानं वारा घेत होत्या.

फक्त त्या कूलरमध्ये पाणी नव्हतं. खाऱ्या पाण्यानं जाळीतलं गवत महिन्याभरात सडतं, आणि टँकरचं गोडं पाणी कूलरला घालायचं म्हणजे पाप. त्यामुळे तो बाहेरची झळ तशीच कोरडी आत ओढत होता. मी "बंद करा" म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. सरपंच शेजारी उभे होते, अंगातून पाणी निथळत होतं, आणि खरं सांगायचं तर इज्जत कोणाला नको असते? पहिल्या पाच-सहा टाइला मी हातानं आडोसा करून पाहिल्या. मग तेही सोडलं.

दुपारी एक पोरगी आली. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणारी, पहिलंच बाळंतपण, आठवा संपत आलेला. सोबत सासू. पोरीला चक्कर येत होती, म्हणून आपांनी तिला बाकावर टेकवली आणि बोट टोचलं. मी टाइल डुलवली, पाहिली, डब्यात सरकवली. मोबाइलवर अक्षरं आली: 'बी. तिसरा थेंब सुकला आहे. पुन्हा तपासा.'

मी तिसरा थेंब पाहिला. दाणे होते. स्पष्ट.

"बी पॉझिटिव्ह," मी म्हणालो.

"भाऊ," आपा हळूच म्हणाल्या, "थे पुन्हा तपासा म्हणून राहिलं. बाटलीत रक्त घेऊन अकोल्याले पायतो ना मी."

"माह्या डोयापेक्षा थ्या डब्याचे डोये मोठे झाले काय? अन् पोरीले पुन्हा टोचता? पाहून राहिल्या नं तिची हालत?"

आपांनी काढलेली बाटली परत पेटीत ठेवली. मशीनचं न ऐकता उत्तर द्यायचं तर मोबाइलवर 'माणसाचा निर्णय' असं बटन होतं. मी ते दाबलं. दाबताना बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. पोरीच्या तपासणीच्या कार्डावर मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, बी पॉझिटिव्ह.

कार्ड घेताना पोरगी म्हणाली, "साहेब, पॉझिटिव्ह म्हंजे चांगलं असते नं?"

"हाव," मी म्हणालो. "चांगलंच."

पुढे पंधरा-वीस दिवस गेले. मला तिचा चेहराही आठवत नव्हता. एके दिवशी दुपारी पुण्याच्या मुलीचा फोन आला. त्या शिबिरात एकाच ठिकाणी मी मशीनच्या विरुद्ध निर्णय दिला होता, आणि ती नोंद तिच्यासमोर होती.

"सर, मशीन तिथे का चुकलं ते तुम्ही सांगा ना," ती म्हणाली. "तुमचं उत्तर खरं मानून आम्ही त्याला पुन्हा शिकवू. सुकलेल्या थेंबांत त्याची काहीतरी गल्लत होते आहे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. डबा चुकला आणि पुण्याचं शहाणपण माझ्यापुढे हात जोडून उभं होतं. मी म्हणालो, फोटो पाठव, दाखवतो. चार शिकाऊ मुलांना बोलावलं, आपांनाही बोलावलं. सगळ्यांसमोर फोटो मोठा केला.

तिसऱ्या थेंबाची कड सुकलेली होती. दाणे होते ते सगळे कडेला. मधलं रक्त एकसारखं, गुळगुळीत, जसं ते निगेटिव्ह माणसाचं असतं. असे शेकडो फोटो मी स्वतः पंख्याखाली बसून काढले होते आणि प्रत्येकावर स्वतः लिहिलं होतं, सुकलं आहे, पुन्हा तपासा. डब्यानं माझंच ऐकलं होतं. मीच माझं ऐकलं नव्हतं.

शिकाऊ मुलं माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी त्यांना हाकललं.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आई निगेटिव्ह आणि मूल पॉझिटिव्ह असलं तर बाळंतपणात मुलाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं. आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिलं मूल सहसा वाचतं. नंतरची पोटातच मरू शकतात, एकामागून एक, आणि मग लोक तिला पांढऱ्या पायाची म्हणतात. हे टाळायला एक इंजेक्शन असतं. ते बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत द्यायचं. ज्या बाईच्या कार्डावर पॉझिटिव्ह लिहिलंय तिला ते कोणी देत नाही.

आपांनी शिबिराच्या रजिस्टरातून गावच्या आशाताईंचा नंबर काढून लावला. पलीकडून आवाज आला, "थे त बाळंत झाली न. परवा सकायी. अकोटच्या दवाखान्यात हाय. पोट्टी झाली."

म्हणजे उद्या सकाळपर्यंत वेळ होता. पेढीतून इंजेक्शन घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं, आणि आम्ही दोघं एसटीत बसलो. अकोटचा रस्ता त्या काळात दोन्ही बाजूंनी खोदून ठेवला होता. त्या रस्त्यावर मी आयुष्यभर सरकारला शिव्या दिल्या आहेत. त्या दिवशी एकही सुचली नाही. आपा मांडीवर बर्फाचा डबा धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला तो हवेत उचलून धरत होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना मी म्हणालो, "कार्डावर चूक झाली असावी." झाली असावी! चूक जणू आपण होऊन येऊन कार्डावर बसली. बाईंनी विचारलं नाही कोणाची, त्यांना वेळ नव्हता. आपांनी आई आणि बाळ दोघींचं रक्त घेतलं. तिथल्या छोट्या लॅबमध्ये मी टाइल हातात घेतली आणि मला ओरडावंही लागलं नाही. आपांनी आधीच पंखा बंद केला होता.

आईचा तिसरा थेंब दोन मिनिटं तसाच राहिला. गुळगुळीत. नळीत घालून पुन्हा पाहिलं, तेच. बी निगेटिव्ह. बाळाच्या थेंबात पहिल्या काही सेकंदांतच गुठळ्या झाल्या. पॉझिटिव्ह. म्हणजे जे व्हायला नको होतं तेच होतं, आणि आम्ही रात्रभरानं उशिरा आलो असतो तर संपलं होतं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. पोरगी ओरडलीसुद्धा नाही.

बाहेर पडताना सासूनं वाट अडवली. तिला सगळं कोणीतरी सांगितलं होतं, आपल्या परीनं.

"साहेब, थ्या मशीननं चुकोलं म्हंते," ती म्हणाली. "म्या तवाच म्हनलं होतं सुनेले, डबा कायले समजते मानसाचं रगत? तुमी होते म्हनून. अकोल्याहून उन्हात आले, आमच्या लेकीसाठी. देवच हाय तुमी." आणि ती वाकून माझ्या पायाला हात लावायला लागली.

मी तिला उठवलं. "हाव," मी म्हणालो. "मशीनचं असंच असते."

आपा शेजारी उभ्या होत्या. बाळाच्या कपाळावर त्यांनी हात फिरवला आणि बस स्टँडकडे चालायला लागल्या.

परतीच्या बसमध्ये मी मोबाइल काढला. पुण्याची मुलगी उत्तराची वाट पाहत होती. मी उत्तर दिलं नसतं तर तिनं माझा निर्णय खरा मानून त्या मशीनला शिकवलं असतं की सुकलेली कड म्हणजे पॉझिटिव्ह, आणि पुढे किती गावांत, किती कार्डांवर ते तसंच उतरलं असतं. इतकं मला कळत होतं. मी लिहिलं, 'मशीनचं उत्तर बरोबर. माणसाचं चूक.' त्याखाली कारणाची जागा होती. तिथे मी लिहिलं, 'कूलर चालू होता.'

पाठवण्याआधी मोबाइल आपांपुढे धरला. आपांचं इमान मला प्रमाणपत्रासारखं हवं होतं बहुतेक. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, त्यांच्या सवयीप्रमाणे. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "कार्डावर कूलरनं लिवलं होतं काय?"

मी कारण खोडलं आणि तिथे माझं नाव लिहिलं.